उदवार-हाझी सेंटर : विमानांच्या कोठारात दिवस कसा घालवावा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मुलाकडे-मुलीकडे आलेल्या आई-बाबांना वॉशिंग्टन दाखवायचं ठरलं, की यादीत ‘ते विमानांचं म्युझियम’ असतंच. पण त्या नावाखाली दोन वास्तू येतात, आणि त्या एकमेकींपासून पंचेचाळीसेक किलोमीटर लांब आहेत. दोन्ही स्मिथसोनियन संस्थेच्या ‘नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियम’च्याच. पहिली वॉशिंग्टनच्या मधोमध, नॅशनल मॉलवर, १९७६ साली उघडलेली. दुसरी व्हर्जिनियातल्या शँटिलीत, डलस विमानतळाला लागून : स्टीव्हन एफ. उदवार-हाझी सेंटर. हा लेख दुसरीबद्दल आहे.

मॉलवरच्या इमारतीत दालनं आहेत, दालनांना विषय आहेत आणि प्रत्येक विषयाची गोष्ट लावून दिलेली आहे. शँटिलीत तसं काही नाही. हंगेरीतून अमेरिकेत आलेल्या आणि विमानं भाड्याने देण्याच्या धंद्यात गबर झालेल्या उदवार-हाझी यांच्या देणगीतून डिसेंबर २००३ मध्ये उभं राहिलेलं हे अक्षरशः कोठार आहे. मॉलवर मावत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं गोदामांत आणि धावपट्ट्यांच्या कडेला पडून असलेली विमानं इथे आणून ठेवली, काही जमिनीवर, काही छताला टांगून. साधारण दहा मजली उंच हँगर, त्याच्या पोटाला जोडलेला अवकाशयानांचा दुसरा हँगर, सगळी मिळून जवळजवळ १७ एकर जागा. पाट्या आहेत, पण कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं हे कोणी सांगत नाही. दारापासून एकेक पाटी वाचत निघालेला माणूस तासाभरात दमतो आणि मग उरलेली शंभरेक विमानं नुसती डोळ्यांखालून घालतो. तेव्हा क्रम घरूनच ठरवून न्या. मी पाहुण्यांना ज्या क्रमाने फिरवते तो खाली देते आहे. तो एकमेव नव्हे, पण म्हाताऱ्या गुडघ्यांना आणि आठ वर्षांच्या मुलांना एकाच दिवशी पेलतो.

आधी ठरवा : कोणतं?

राईट बंधूंचं १९०३चं मूळ विमान आणि आर्मस्ट्राँग-ऑल्ड्रिन-कॉलिन्स यांना चंद्राच्या प्रवासाहून परत आणणारं ‘कोलंबिया’ हे यान, ही दोन बघायची असतील तर मॉलवर जा. तिथे २०१८ पासून मोठं नूतनीकरण सुरू झालं आणि दालनं टप्प्याटप्प्याने उघडत गेली, त्यामुळे तुमच्या तारखेला काय खुलं आहे ते संकेतस्थळावर पाहा. प्रवेश फुकट असला तरी ठरावीक वेळेचा पास आधी काढावा लागतो.

स्पेस शटल, काँकॉर्ड हे ध्वनीहून वेगवान प्रवासी विमान, ब्लॅकबर्ड हे हेरगिरीचं विमान किंवा हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं विमान बघायचं असेल तर शँटिली. इथे पास नाही, तिकीट नाही. दोन्हींची हौस असेल तर दोन वेगळे दिवस ठेवा. एकाच दिवसात दोन्ही उरकण्याचा बेत कागदावर छान दिसतो, पण दुपारी तीननंतर त्या बेतात चालायला कोणी तयार नसतं.

निघण्याच्या आधी

वेळ रोज सकाळी १० ते संध्याकाळी ५.३०. वर्षातून एकच सुट्टी, २५ डिसेंबर. पण एक गोष्ट भारतातून येणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. अमेरिकी संसदेत खर्चाचं विधेयक अडकलं आणि सरकारी कामकाज ठप्प झालं, की काही दिवसांत स्मिथसोनियनची संग्रहालयंही बंद होतात. सहल त्या काळात येत असेल तर आदल्या रात्री खात्री करा. आणखी एक : डिस्कव्हरी हे शटल इथून टेक्ससमधल्या ह्यूस्टनला हलवण्याची राजकीय खटपट २०२५ मध्ये सुरू झाली. केवळ तिच्यासाठी विमानाची तिकिटं काढणार असाल तर तेही आधी तपासा.

प्रवेश फुकट, पण पार्किंगचे १५ डॉलर पडतात. दुपारी ४ नंतर तेही लागत नाहीत. त्यामुळे शँटिली, हर्नडन, अ‍ॅशबर्न भागातली आपली मराठी मंडळी मुलांना घेऊन चारला येतात, एकच विमान नीट बघतात आणि साडेपाचला घरी जातात. जवळ राहणाऱ्यांनी हाच मार्ग धरावा. लांबून येणाऱ्यांना दीड तास पुरत नाही.

गाडी असेल तर वॉशिंग्टनहून आय-६६ आणि मग रूट २८. सकाळी-संध्याकाळी आय-६६च्या शहराकडच्या भागात टोल चढतो आणि डलस टोल रोडला तर टोल आहेच. गाडी नसेल तर मेट्रोची सिल्व्हर लाइन पकडून इनोव्हेशन सेंटर स्थानकावर उतरायचं आणि तिथून फेअरफॅक्स कनेक्टरची ९८३ नंबरची बस. ती डलस विमानतळावरही थांबते. म्हणजे भारतात जाताना डलसला मधे सहा-सात तास मिळणार असतील तर विमानतळावर खुर्चीत पेंगण्याऐवजी इथे येऊन जाता येतं. फक्त मोठ्या बॅगा सोबत नकोत, आणि परतीच्या सुरक्षा तपासणीसाठी दोन तास राखून ठेवा.

वसंतात शाळांच्या पिवळ्या बसेस सकाळीच येतात आणि दुपारच्या सुमारास परततात. त्या महिन्यांत आठवड्यातल्या दिवशी गेलात तर दुपार शांत मिळते. शनिवार-रविवारी उलट, सकाळी दार उघडताना पोचणंच बरं. जूनमध्ये एक दिवस ‘इनोव्हेशन्स इन फ्लाइट’ नावाचा मेळा भरतो. खाजगी आणि जुनी विमानं उडत येऊन बाहेर उभी राहतात, मुलांना त्यांच्याजवळ जाता येतं. मजा असते, पण आतला संग्रह निवांत बघायचा असेल तर तो दिवस टाळा.

खिशात आणि पिशवीत

दारात पिशव्या तपासतात. आजोबांच्या खिशातला अडकित्ता आणि आजींच्या पर्समधली फळं कापायची सुरी गाडीतच राहू द्या. सेल्फी स्टिक आणि ट्रायपॉड आत चालत नाहीत. खाणंही आत नेता येत नाही, म्हणून थेपले-दशम्यांचा डबा गाडीत ठेवा आणि दुपारी बाहेर येऊन खा. आत एक बर्गरचं दुकान आहे. शाकाहारी माणसाचं तिथे बटाट्याच्या तळलेल्या काड्यांवर भागतं, पोट भरत नाही.

जमीन सगळी काँक्रीटची आहे. चपला नकोत, बूट घाला. उन्हाळ्यातही पातळ स्वेटर असू द्या, कारण हँगर थंडगार ठेवलेला असतो. ज्यांना अर्धा तास सलग उभं राहणं जड जातं त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची आल्याबरोबर मागून घ्या. ती फुकट मिळते, पण संख्या मोजकी असते. ‘मला कशाला खुर्ची?’ असं म्हणणारे बाबा डिस्कव्हरीपर्यंत पोचल्यावर आपण होऊन बसतात, हा आमच्या घरचा अनुभव. लिफ्ट सगळीकडे आहेत.

पहिली पंधरा मिनिटं

प्रवेश वरच्या मजल्यावर होतो. सुरक्षा तपासणी ओलांडून आत आलात की वर बघा : एक चिमुकलं लाल-पांढरं दुपंखी विमान उलटं टांगलेलं आहे. ते पिट्स स्पेशल, ‘लिटल स्टिंकर’, बेटी स्केल्टन या वैमानिक बाईंचं. त्या हवाई कसरतींत पटाईत, म्हणून विमानही उलटंच.

मग सरळ कठड्यापाशी या. खाली नाक तुमच्याकडे करून काळं कुळकुळीत एसआर-७१ ब्लॅकबर्ड बसलेलं असतं आणि त्याच्या मागे, दुसऱ्या हँगरच्या दारातून, पांढरी डिस्कव्हरी दिसते. फोटो इथूनच काढायचा. खाली गेल्यावर ब्लॅकबर्ड एका चौकटीत मावत नाही.

लगेच खाली उतरू नका. माहिती-कक्षावर जाऊन फुकट मार्गदर्शित फेरी किती वाजता आहे ते विचारा. इथले वाटाडे स्वयंसेवक असतात, त्यांतले पुष्कळ निवृत्त वैमानिक, अभियंते किंवा हवाई दलातले तंत्रज्ञ. ज्या विमानापुढे उभं राहून बोलतात त्याच जातीचं विमान त्यांनी कधीतरी हाताळलेलं असण्याची शक्यता चांगली असते. पाट्यांपेक्षा ही माणसं कितीतरी सरस. प्रश्न विचारायला लाजू नका. आपल्या आई-बाबांना इंग्रजी बोलायचा संकोच वाटतो, म्हणून त्यांच्या वतीने तुम्ही विचारा. आमच्या बाबांचा प्रश्न नेहमी एकच असतो, ‘हे किती लिटर पेट्रोल खातं?’ आणि त्याला दर वेळी सविस्तर उत्तर मिळतं.

ब्लॅकबर्ड

आता खाली उतरा. ब्लॅकबर्डजवळ जाऊन त्याच्या पत्र्याचे सांधे बघा. सगळा सांगाडा जवळपास टायटॅनियमचा. ध्वनीच्या तिप्पट वेगाने उडताना हवेच्या घर्षणाने पत्रा इतका तापतो की साधं अ‍ॅल्युमिनियम मऊ पडलं असतं. तापलं की धातू प्रसरण पावतो, म्हणून सांधे मुद्दाम सैल ठेवले. परिणाम असा, की जमिनीवर उभं असताना टाक्यांतून इंधन गळायचं आणि आकाशात तापल्यावर फटी मिटायच्या. सोव्हिएत संघावर हेरगिरी करणाऱ्या या विमानासाठी लागणारं टायटॅनियम अमेरिकेने आडवाटेच्या कंपन्यांमार्फत सोव्हिएत संघाकडूनच विकत घेतलं होतं. ही गोष्ट मुलांना सांगितली की पुढची दहा मिनिटं ती त्या विमानाभोवती घुटमळतात.

हेच विमान ६ मार्च १९९० रोजी लॉस एंजलिसहून वॉशिंग्टनला १ तास ४ मिनिटं २० सेकंदांत आलं, सरासरी वेग ताशी ३,४१८ किलोमीटर. आणि शेजारच्या डलस विमानतळावर उतरून थेट संग्रहालयाच्या ताब्यात गेलं. म्हणजे त्याची शेवटची फेरी हीच.

डिस्कव्हरी : इथे वेळ काढा

सगळ्या दिवसातला सगळ्यात जास्त वेळ मी इथे देते. ३० ऑगस्ट १९८४ ते ९ मार्च २०११ या काळात डिस्कव्हरीने ३९ फेऱ्या केल्या, अवकाशात एकूण ३६५ दिवस काढले, हबल दुर्बीण १९९० साली हिनेच वर नेऊन सोडली. आकडे पाटीवर आहेतच. बघायची गोष्ट वेगळी आहे.

संग्रहालयाने तिला धुऊन-पुसून चकाचक केलेलं नाही. शेवटच्या फेरीहून आली तशीच, भाजलेली, डागाळलेली उभी आहे. पोटाखाली वाकून बघा : काळ्या फरशा, सिलिकाच्या तंतूंपासून बनवलेल्या, प्रत्येकीचा आकार वेगळा आणि प्रत्येकीवर नंबर. अशा फरशा अंगभर मिळून सुमारे २४ हजार. वातावरणात परतताना पोटाकडची बाजू हजार-बाराशे अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि त्या उष्णतेला आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यापर्यंत पोचू न देणं एवढंच या फरशांचं काम. काही फरशा गडद काळ्या, काही राखेसारख्या फिकट दिसतील. गडद त्या नव्याने बसवलेल्या, फिकट त्या पुष्कळदा जाऊन आलेल्या.

मग पंखाची पुढची कड बघा. तिथे फरशा नाहीत, राखाडी रंगाचे वळणदार तुकडे एकापुढे एक बसवलेले आहेत. ते कार्बनचं मजबूत संमिश्र, कारण नाकाचं टोक आणि ही कड सर्वांत जास्त तापते. जानेवारी २००३ मध्ये उड्डाण करताना बाहेरच्या इंधन टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून ‘कोलंबिया’ शटलच्या (मॉलवरचं त्याच नावाचं यान वेगळं) डाव्या पंखाच्या नेमक्या अशाच कडेवर आदळला. भोक पडलं. १ फेब्रुवारीला परत येताना त्या भोकातून तप्त वायू पंखात शिरले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले. आपल्याकडे ही घटना ऐकली नाही असं घर नसेल, पण ‘पंखाची कड’ म्हणजे नेमकं काय, हे डोळ्यांसमोर नसतं. इथे हातभर अंतरावरून दिसत नसलं, तरी स्पष्ट दिसतं. त्यानंतर अडीच वर्षांनी, जुलै २००५ मध्ये, पहिलं शटल पुन्हा उडालं ते डिस्कव्हरीच. अवकाश स्थानकाजवळ पोचल्यावर कमांडर आयलीन कॉलिन्स यांनी तिला हळूच एक कोलांटी घ्यायला लावली, म्हणजे स्थानकातल्या लोकांना पोटाखालच्या फरशांचे फोटो काढता यावेत. डिसेंबर २००६ मध्ये सुनीता विल्यम्स पहिल्यांदा अवकाशात गेल्या त्याही डिस्कव्हरीतूनच.

मागे जाऊन इंजिनं बघताना एक गुपित लक्षात असू द्या : दिसतात ती तीन मोठी तोंडं नकली आहेत. खरी इंजिनं नासाने पुढच्या चांद्र मोहिमांच्या रॉकेटसाठी काढून घेतली. यानाचा रोबोटिक हात शेजारीच मांडलेला आहे, तोही चुकवू नका.

त्याच हँगरमधल्या छोट्या वस्तू लोक गडबडीत वगळतात. त्यांतल्या तीन तरी बघा. पहिली जेमिनी-७ : डिसेंबर १९६५ मध्ये फ्रँक बोरमन आणि जिम लव्हेल यांनी यात सलग १४ दिवस काढले. जुन्या फियाटच्या पुढच्या दोन सीटांएवढी जागा, पाय पसरायची सोय नाही, आणि त्यातच जेवण, झोप, बाकी सगळं. मुंबईतल्या जागेबद्दल तक्रार करणाऱ्या पाहुण्यांना मी इथे मुद्दाम उभं करते. दुसरी वस्तू चंदेरी ट्रेलर. चंद्रावरून काही जंतू आले तर काय, या भीतीने अपोलो-११च्या तिघांना परतल्यावर यात कोंडून ठेवलं होतं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी काचेतून त्यांच्याशी गप्पा मारल्या, तो फोटो पुष्कळांनी पाहिलेला असतो. तिसरी सर्वांत लहान : अनिता नावाची कोळीण. १९७३ मध्ये स्कायलॅब या अवकाश स्थानकात गुरुत्वाकर्षणाशिवाय जाळं विणता येतं का, हे बघायला अनिता आणि अरबेला अशा दोघी नेल्या होत्या. सुरुवातीला जाळी वेडीवाकडी झाली, मग त्या सरावल्या.

जेवणानंतर : प्रवासी विमानं

इथवर दुपार होते. बाहेर जाऊन डबा खा, पाय सैल करा, पुन्हा तपासणीतून आत या.

दुपारी मुख्य हँगरमध्ये परतायचं आणि काँकॉर्ड गाठायचं. ते इतकं लांब आहे की हरवणं अशक्य. हे एअर फ्रान्सचं. जानेवारी १९७६ मध्ये पॅरिस-डकार-रिओ अशी एअर फ्रान्सची पहिलीवहिली स्वनातीत प्रवासी फेरी याच विमानाने केली, आणि १२ जून २००३ रोजी ते स्वतः उडत डलसला येऊन इथे विसावलं. खाली उभं राहून खिडक्या बघा, पोस्टकार्डाएवढ्या. आत केवळ शंभर प्रवासी. एअर इंडियाने एके काळी दोन काँकॉर्डसाठी नाव नोंदवलं होतं, पुढे ते रद्द झालं. खर्च आणि आवाज यांचा हिशेब पाहता ते बरंच झालं म्हणायचं.

त्याच्याजवळचं पिवळ्या-तपकिरी रंगाचं विमान दिसायला साधं, महत्त्वाला मोठं. ते बोइंग ‘डॅश ८०’, पहिलं उड्डाण १५ जुलै १९५४. यातूनच बोइंग ७०७ जन्मलं, आणि ७०७मुळेच एअर इंडिया १९६० साली मुंबईहून न्यूयॉर्कपर्यंत पोचली. परदेशात जाणारं माणूस सांताक्रूझला सगळं खानदान घेऊन निरोप घ्यायचं, तो जमाना या यंत्राने आणला. १९५५ मध्ये सिअ‍ॅटलच्या तळ्यावर जमलेल्या गिऱ्हाइकांसमोर वैमानिक टेक्स जॉन्स्टनने याच्या आडव्या कोलांट्या मारल्या. मालकांना आधी विचारलेलं नव्हतं.

वडीलधाऱ्यांना लॉकहीड कॉन्स्टेलेशन दाखवा, तीन शेपट्यांचं. इथलं विमान लष्करी आहे, पण याच घराण्यातल्या ‘मलबार प्रिन्सेस’ने ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाची मुंबई-कैरो-जिनेव्हा-लंडन ही पहिली आंतरराष्ट्रीय फेरी केली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला या विमानाची आठवण असते, किमान कॅलेंडरवरच्या चित्राची तरी.

इनोला गे

हे विमान बघण्याआधी मुलांशी बोलून घ्या. बी-२९ जातीचं, ४३ मीटर पंखांचं, आरशासारखं चकाकतं. ६ ऑगस्ट १९४५ रोजी पॉल टिबेट्स यांनी ते चालवलं आणि हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला. ‘इनोला गे’ हे त्यांच्या आईचं नाव.

पाटीवरचा मजकूर त्रोटक आणि मुख्यतः तांत्रिक आहे : लांबी, इंजिनं, बनावट. हे आपोआप झालेलं नाही. १९९५ मध्ये, घटनेच्या पन्नाशीला, मॉलवरच्या संग्रहालयाने बॉम्बच्या परिणामांसह मोठं प्रदर्शन आखलं होतं. माजी सैनिकांच्या संघटना आणि संसद सदस्य खवळले, प्रदर्शन गुंडाळावं लागलं, संचालक मार्टिन हार्विट यांनी राजीनामा दिला. तेव्हापासून संस्था या विमानाबद्दल जपून बोलते. मला हे जपून बोलणं पटत नाही. १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली, हा आकडा त्या चकचकीत पत्र्यापुढे उभं राहून मुलांना घरच्यांनीच सांगावा. वरच्या पुलावरून विमानाचं काचेचं नाक अगदी समोर येतं. तिथे उभं राहून बोलणं खालच्या गर्दीपेक्षा सोपं जातं.

जवळच जपानी विमानं आहेत. आयची सेइरान हे पाणबुडीतून नेऊन सोडायचं विमान, जगात उरलेलं एकुलतं एक. आणि ओका, ज्यात बसणारा परत येणार नाही हे गृहीत धरूनच बनवलेलं. या दोघांकडे पाहिल्याशिवाय इनोला गेचा भाग पुरा होत नाही.

मिग आणि लँगलींचं फसलेलं विमान

शीतयुद्धाच्या भागात मिग-२१ शोधा. नाशिककर पाहुणा असेल तर त्याला इथून हलवणं कठीण. ओझरच्या हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या कारखान्यात हीच जात वर्षानुवर्षं बनली. इथलं विमान एफ-१३ या सुरुवातीच्या प्रकारातलं, आणि १९६३ साली भारतात आलेली पहिली मिगही त्याच प्रकारातली. सप्टेंबर २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. समोरच्या अमेरिकी विमानांच्या मानाने ती किती लहान आहे ते बघा. नाकातच हवेचं तोंड, पंख त्रिकोणी, आत जेमतेम एक माणूस.

शेवटी एक हरलेलं विमान. सॅम्युएल लँगली हे स्मिथसोनियनचेच प्रमुख. त्यांचं ‘एरोड्रोम’ पोटोमॅक नदीतल्या बोटीवरून १९०३ साली दोनदा सोडलं आणि दोन्ही वेळा सरळ पाण्यात गेलं. दुसऱ्यांदा ८ डिसेंबरला, आणि १७ डिसेंबरला राईट बंधू उडाले. खरी गंमत पुढची. १९१४ मध्ये त्या यंत्रात फेरफार करून ते थोडंसं उडवून दाखवलं गेलं आणि स्मिथसोनियनने पाटी लावली, की माणसाला घेऊन उडण्यास समर्थ असलेलं पहिलं विमान हेच. ऑरव्हिल राईट इतके संतापले की त्यांनी स्वतःचं विमान १९२८ साली लंडनला पाठवून दिलं. संस्थेने १९४२ मध्ये जाहीरपणे दावा मागे घेतला, तेव्हा कुठे १९४८ मध्ये ते अमेरिकेत परतलं. गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली विमान उडवलं का, यावर आपल्याकडे अजून भांडणं रंगतात. तो वाद घालणाऱ्यांनी या यंत्रापुढे थोडा वेळ घालवावा. नामवंत संस्थाही आपल्या माणसाच्या प्रेमात पडली की काय पाटी लावते, आणि पुरावा पुढे आल्यावर ती कशी उतरवावी लागते, ते इथे दिसतं.

वर चढायचं ते शेवटी

आता लिफ्टने वरच्या पुलांवर जा. टांगलेली विमानं इथून डोळ्यांच्या पातळीवर येतात आणि सकाळी खालून पाहिलेल्यांची पाठ दिसते. पाय शिल्लक नसतील तर हा भाग सरळ गाळा. त्यापेक्षा दुरुस्तीच्या हँगरची काचेची भिंत गाठा. खाली कारागीर एखादं विमान सुटं करून रंगाचे थर खरवडत, रिव्हेट मोजत बसलेले असतात. काम आठवड्यातल्या दिवशी चालतं, शनिवार-रविवारी नुसते सुटे भाग दिसतात.

डोनाल्ड एंगेन मनोरा मात्र चुकवू नका. चहूबाजूंनी काच, आणि समोर डलसची धावपट्टी. युरोपहून येणारी मोठी विमानं दुपारी उतरतात, तेव्हा तीन-चारच्या सुमारास गेलेलं चांगलं. धुकं किंवा पाऊस असेल तर वर जाण्यात अर्थ नाही.

खर्चाच्या गोष्टींबद्दल माझं मत : सिम्युलेटर दहा-बारा वर्षांच्या मुलांना आवडतो, आजी-आजोबांना चक्कर येते. मोठ्या पडद्याचा सिनेमा गावात कुठेही बघता येतो, इथला वेळ त्यात घालवू नका. पाय दुखत असतील तर मात्र अंधारात पाऊण तास बसायला तो बरा. दुकानातली शटलची प्रतिकृती महाग आहे. ‘अंतराळवीरांचं आइस्क्रीम’ म्हणून मिळणारं कोरडं पाकीट एकदा घ्या, भाच्यांना वाटायला स्वस्त पडतं. चवीबद्दल आधी काही बोलू नका.

परतीला रूट २८ वर चार ते साडेसहा गाड्यांची रांग असते. साडेपाचला निघून थेट महामार्गाला लागण्यापेक्षा शँटिलीत किंवा हर्नडनमध्ये एखाद्या भारतीय उपाहारगृहात डोसा खाऊन सातला निघालेलं परवडतं. बसने आलेल्यांनी ९८३ची पुढची फेरी कधी आहे ते मनोऱ्यावर जाण्याआधीच बघून ठेवावं. शनिवार-रविवारी दोन बसांमधलं अंतर पुष्कळ असतं आणि थांब्यावर सावली नाही.